अंजुणेच्या बाजारातली काशाची वाटी, चौथीच्या वर्गात वापरून

ही वाटी गोव्यातल्या अंजुणेच्या बुधवारच्या बाजारात मिळते. पर्यटक ती ध्यानासाठी घेतात आणि विकणारे तिला ‘सिंगिंग बोल’ म्हणतात. मी ती चौथीच्या वर्गासाठी घेतली. तोंडाशी साधारण चार इंच रुंद, वजन पाव किलोच्या थोडं वर, सोबत बसायला कापसाची गोल गादी आणि एका टोकाला चामडं गुंडाळलेला लाकडी दांडा. विक्रेत्याने दोन हजार सांगितले, नऊशेला दिली. नोव्हेंबरपासून ती माझ्या टेबलावर आहे. पेडणे तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत हे माझं पहिलं वर्ष. वाटीचा उपयोग कुठे झाला, कुठे अजिबात झाला नाही, हे सविस्तर लिहिते आहे, कारण जूनमध्ये नव्याने रुजू होणाऱ्या कुणाला तरी ते लागेल.

आधी गरज काय ते सांगते. गोव्याच्या बाल कायद्याने २००३ सालीच शाळेतली मारहाण बंद केली. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आली. म्हणजे छडी तर नाहीच, पण चारचौघांत एखाद्याला लाज वाटेल असं बोलणंही नाही. मला हे दोन्ही कायदे मनापासून पटतात. माझी आई छडीच्या शाळेत शिकली. आज नातवंडाला पाढे म्हणून दाखवताना अडखळली तरी तिची मूठ आपोआप वळते. ते पाहिल्यावर छडीच्या बाजूने बोलणाऱ्यांशी माझा वाद उरत नाही. पण छडी गेल्यावर नव्या शिक्षकाकडे उरतो तो फक्त घसा. पाठाचं टाचण, फळ्याची मांडणी, मूल्यमापनाचे तक्ते हे प्रशिक्षणात शिकता येतं. सत्तावीस मुलांचा गलका उठल्यावर स्वतःच्या छातीतली धडधड कशी खाली आणायची, ते मात्र वर्गात उभं राहूनच कळतं. ओरडून पाहिलेल्या प्रत्येक नव्या बाईला माहीत आहे की ओरडण्याने मिळालेली शांतता पुढच्या गणितापर्यंतही टिकत नाही.

आमच्या शाळेत पावसाळ्यात हा प्रश्न दुप्पट होतो. वर्गावर कौलं आहेत, पण पुढच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, पत्रे घातले आहेत. पावसाची जोरदार सर आली की पहिल्या बाकावरच्या मुलालाही माझं वाक्य अर्धंच पोचतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं आहे. पत्र्यांवरच्या जुलैच्या पावसाला हे कोण सांगणार. तिसरीच्या बाईंकडे कमरेला अडकवायचा माईक आहे, डोक्यावरून गालापर्यंत येणारी बारीक दांडी आणि पट्ट्यावर छोटा स्पीकर. त्यांनी तो मला पावसाळ्यात वापरायला दिला. पावसासाठी ही वस्तू खरंच चांगली. घसा वाचतो आणि शुद्धलेखन घालताना शब्द शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ जातात. ज्यांचा वर्ग पत्र्याखाली आहे त्यांनी जरूर घ्यावा.

गलका थांबवण्यासाठी मात्र माईक घेऊ नका, हे मी ठामपणे सांगेन. एत्येन लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली लिहून ठेवलं आहे की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. वर्गात हे सत्तावीस जणांच्या बाबतीत एकाच वेळी घडतं. माईकमधून ‘ओगी रावात!’ (गप्प राहा!) आलं की शेजाऱ्याशी बोलणारं मूल गप्प होत नाही. शेजाऱ्याला ऐकू जावं म्हणून ते आणखी मोठ्याने बोलतं. यात उद्धटपणा नसतो, आणि हे एकदा समजलं की मुलांवरचा निम्मा राग कमी होतो. मला तर हे समजणंच वाटीपेक्षा जास्त उपयोगी पडलं. मुलं माझ्याविरुद्ध काही करत नव्हती. आवाज आवाजाला वाढवत होता आणि त्यात मीही भर घालत होते.

वाटीच्या आधी ऑफिसात असते तशी टेबलावरची घंटी होती. ती टिंग वाजते आणि लगेच संपते. मुलं दचकून वर बघतात, पुन्हा खाली बघतात. त्यांच्या लेखी तिचा अर्थ ‘टीचर चिडली’ एवढाच. देवघरातली घंटा सुचवणारे बरेच भेटले. ती हातात घेतली की अर्धा वर्ग टाळ्या धरून आरतीला लागतो. शिवाय वर्गात ख्रिस्ती आणि मुसलमान मुलंही आहेत. देवासमोर वाजवायची वस्तू गप्प बसवण्यासाठी वापरणं मला कुणाच्याच दृष्टीने बरं वाटत नाही.

काशाच्या वाटीत वेगळं काय, तर तिचा नाद लांबतो. कासं म्हणजे तांबं आणि कथील, घंटांच्या ओतकामात साधारण ७८ भाग तांब्याला २२ भाग कथील. घरात अगदी शांतता असताना माझी वाटी अर्ध्या मिनिटाच्या आसपास ऐकू येते. वर्गात, पंखा चालू असताना, बारा ते पंधरा सेकंद. आणि हा नाद कुठे संपला ते नक्की सांगता येत नाही. कान देऊन बसावं लागतं. मुलांना हीच गोष्ट आवडते.

नियम एकच ठेवला: वाटी वाजली की नाद संपेपर्यंत ऐकायचं आणि ज्याला ऐकू येईनासा होईल त्याने हात वर करायचा. मॉन्टेसरी बालवाडीत गेलेल्यांना शांततेचा खेळ आठवत असेल, त्याचंच हे भावंड. पण हा नियम गलक्यात शिकवायचा नसतो. ही गोष्ट नव्या शिक्षकांनी नीट लक्षात घ्यावी. पहिला आठवडाभर मी वाटी फक्त मुलं आधीच शांत असताना वाजवली, सकाळी प्रार्थना झाल्यावर लगेच. नाद संपला की विचारायचं, त्यानंतर आणखी काय ऐकू आलं? कुणी म्हणे कावळा, कुणी नुस्तेंवाल्याचा, म्हणजे मासेवाल्याचा भोंगा, कुणी पलीकडच्या वर्गातलं ‘सात चोक अठ्ठावीस’. एका मुलीने सांगितलं, ‘टीचर, म्हज्या पोटांत आवाज जालो.’ सगळे हसले, तीही हसली. अशा सकाळी वाटीची ओळख झाल्यामुळे पुढे तिच्या आवाजाशी कुणाची भीती जोडली गेली नाही. तुम्ही ती पहिल्यांदाच भांडणात वाजवलीत तर ती छडीची बहीण होऊन बसेल.

आमच्याकडे काही मुलांच्या घरी कानडी आहे, काहींच्या घरी हिंदी. मराठी त्यांना शाळेतच भेटते. एकदम चार सूचना दिल्या तर ती शेजाऱ्याकडे बघून अंदाज बांधतात आणि त्या विचारण्यातूनच पुन्हा बोलणं सुरू होतं. वाटीचा अर्थ त्यांना कुणाला विचारावा लागत नाही. वाटी घेताना हा फायदा माझ्या मनात नव्हता, पण आज मी तो पहिल्या दोनात धरेन.

आणि सगळ्यात मोठा फायदा बाईचा आहे. त्या बारा-पंधरा सेकंदांत मला काहीही बोलायचं नसतं. मी वाटी वाजवते, दांडा खाली ठेवते आणि श्वास हळूहळू, लांबवून सोडते. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे शरीराचं साधं काम आहे, त्याला ध्यानधारणा यावी लागत नाही. खांदे खाली येतात. कोण काय करतंय ते दिसायला लागतं, कारण रागात दिसत नाही. हात वर येऊ लागतात तेव्हा माझा आवाज परत माझा झालेला असतो. नाद संपल्यावरचं पहिलं वाक्य फार जपून बोलावं. ‘किती वेळा सांगायचं तुम्हाला?’ हे वाक्य अजिबात नको, कारण मग मिळालेली शांतता आपण आपल्या हाताने टोमण्यात खर्च करतो. पहिलं वाक्य धड्याचं हवं, आणि ते हळू आवाजात. ‘पान ४२. दुसऱ्या ओळीतला हरकाऱ्याचा निरोप कोण वाचणार?’ इतकंच. माझ्या अनुभवात वाटीचं अर्धं काम ती स्वतः करते आणि उरलेलं अर्धं हे पहिलं वाक्य करतं.

आता जिथे तिचं चाललं नाही ते.

मार्चमध्ये शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाचे दिवस होते. गावात रोज रात्री ढोल-ताशे, मुलं झोपेला अर्धवट आणि अंगात ताल भरलेला. मधल्या सुटीत आहाराचा पाव-भाजी खाऊन मुलं आत आली आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने बाकावर ताल धरला. छान वाजवतो तो, त्याच्या घरी घुमट (मातीचं तालवाद्य) आहे, काकांबरोबर आरतीला बसतो. दुसऱ्याने ‘ओस्सय!’ ही शिगम्याची आरोळी दिली आणि अख्ख्या वर्गाने उत्तर दिलं, ‘ओस्सय!’ शेजारच्या तिसरीनेही दिलं, कारण आमच्या दोन वर्गांमध्ये फक्त कपाटं आहेत. त्या आवाजात वाटी वाजवून काहीही होत नाही. तिचा नाद दारापर्यंतही जात नाही. ती गोंगाटावर मात करणारी वस्तू नाही, तेवढ्यासाठी घेतली तर पैसे वाया जातील.

मी काय केलं ते सांगते, कारण वाटीबरोबर हे कुणी लिहून देत नाही. फळ्यापासून चालत वर्गाच्या मधोमध गेले. वाटी हातावर घेऊन खांद्याच्या उंचीला धरली आणि थांबले. तोंडातून शब्द नाही, कपाळाला आठी नाही. आधी जवळच्या चौघांनी पाहिलं, त्यांचे हात थांबले. तालाचा एक फेरा संपतो तेव्हा एक जागा येते, तिथे सगळे श्वास घेतात. त्या जागेवर वाजवली. वाजवणाऱ्या मुलाला ती जागा माझ्यापेक्षा चांगली कळत होती. तो स्वतःच थांबला आणि मान वाकडी करून ऐकू लागला. तो ऐकतोय म्हटल्यावर बाकीच्यांनीही ऐकलं. नंतर मी त्याला सगळ्यांसमोर काही बोलले नाही. शाळा सुटताना सोप्यावर गाठून सांगितलं, ‘शनिवारी शेवटचा अर्धा तास तुझा. घुमट घेऊन ये, काकांना विचारून.’ शनिवारी तो घुमट घेऊन आला आणि आम्ही पाढे तालावर म्हटले. चौदाचा पाढा अजून वर्गात सगळ्यांना येतो तो त्या तालामुळे.

त्यानंतरही तो बाक वाजवतो, अधूनमधून. पण आता त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी पुरतं.

भांडणात वाटीला हातही लावू नये. ‘टीचर, हो म्हाका धुकलता!’ (हा मला ढकलतो!) पासून सुरू होऊन दोघं एकमेकांच्या सदऱ्याला धरतात, तेव्हा आपण स्वतः उठून दोघांच्या मध्ये जायचं, आवाज न चढवता दोघांची नावं घ्यायची, एकाला पाण्याची बाटली भरायला पाठवायचं. कोण चुकलं ते तिथल्या तिथे ठरवायला बसू नये. वीस मिनिटांनी दोघंही जास्त खरं सांगतात. तिसरीच्या बाईंनी हे मला शिकवलं, आणि त्यांना पंचवीस वर्षांच्या नोकरीने.

कानांना त्रास होणारं मूल वर्गात असेल तर आधी ओळखा. माझ्याकडच्या एका मुलीने पहिल्या दिवशी दोन्ही कान झाकले. दांड्याचं उघडं लाकूड लागलं की वाटी टोचणारा आवाज करते, चामड्याच्या बाजूने वाजवली की तोच आवाज गोल होतो. आता मी चामड्याची बाजूच वापरते आणि वाजवण्याआधी तिच्या दिशेने वाटी उचलून दाखवते. तिने मान हलवली की मग. हे दोन सेकंद मला कधीच जड वाटले नाहीत.

मोठ्या मुलांना ही वस्तू चालत नाही. माझी मैत्रीण म्हापशाच्या बाजूला सातवी-आठवीला शिकवते. तिने माझी वाटी चार दिवस नेली होती. मुलांना ती पोरकट वाटली, कुणीतरी मागून ‘ॐ’ सुरू केलं. तिच्याकडे दुसरी गोष्ट चालते: तास सुरू होताना ती दारात उभी राहून आत येणाऱ्या प्रत्येकाशी नावाने एक वाक्य बोलते, आणि फळ्यावर आधीच एक छोटं काम लिहिलेलं असतं. मुलं बसता बसता ते करायला लागतात. त्या वयासाठी मी तेच सुचवेन. वाटी पहिली ते पाचवी, त्यापुढे नको.

आणखी एक मर्यादा आहे, ती वाटीची नाही. जेकब कुनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून अभ्यास केला होता. १९७० साली त्याने मांडलेला निष्कर्ष मला दर आठवड्याला पटतो. गडबड झाल्यावर कोणता शिक्षक काय करतो यात फारसा फरक सापडला नाही. फरक होता तो गडबड होण्याआधीच्या गोष्टींत. शिक्षकाची नजर सगळीकडे असते का, एका कामातून दुसऱ्या कामात वर्ग न अडखळता जातो का. माझ्या वर्गात गलका नेमका कधी होतो ते वहीच्या मागच्या पानावर टिपून पाहिलं. वह्या वाटताना. ऑफिसातून शिपाईमामा निरोप घेऊन आले की. मी फळ्यावर लांबलचक उदाहरण लिहीत पाठमोरी असते तेव्हा. म्हणजे जिथे मुलांना करायला काही नसतं तिथे. तेव्हापासून वह्या वाटण्याचं काम रांगेतल्या चार मुलांकडे आहे आणि मोठं उदाहरण मी शाळा भरण्याआधीच फळ्यावर लिहून ठेवते. त्यानंतर वाटी वाजवायची गरज दिवसातून दोनदा-तीनदा, त्याहून जास्त नाही. तुमच्याकडे ती तासाला दोनदा लागत असेल तर वाटी बाजूला ठेवून वर्गाची मांडणी बघा.

जास्त वाजवली की तिचा गुणही जातो. मुलं तिला पंख्याच्या घरघरीसारखी सोडून देतात.

कोण वाजवणार, यावरून आमच्याकडे चांगलीच ओढाताण झाली. सुरुवातीला मीच वाजवत असे. मग हजेरीच्या क्रमाने रोज एकाला दिली. ज्याची पाळी असेल त्याने माझ्या टेबलाजवळ बसायचं आणि मी मान हलवली की वाजवायची. आपण होऊन वाजवायची नाही. सगळ्यात जास्त हलणारी, सगळ्यात जास्त बोलणारी मुलं पाळीच्या दिवशी इतकी सावध असतात की पाहत राहावं. त्यांना माझा चेहरा वाचावा लागतो. एकदा पाळीवरच्या मुलाने मी मान हलवण्याआधीच हळूच विचारलं, ‘टीचर, आतां वाजवूं? तुमी दमल्यात.’ मी खरंच दमले होते. त्या दिवशी मी मान हलवली आणि खुर्चीत बसले.

आता खरेदीबद्दल. अंजुणेचा बाजार पावसाळ्यात बंद असतो, सुमारे नोव्हेंबर ते एप्रिल चालतो. शाळेतून परत जाताना मी शिवोली-चोपडें पूल ओलांडून येते, तिथून बाजार जवळ, म्हणून तिथे गेले. कळंगुट-कांदोळीच्या रस्त्यावरच्या दुकानांतही अशा वाट्या दिसतात. ‘सात धातूंची आहे, सोनं-चांदी मिसळलंय’ असं ऐकायला मिळेल. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका, वर्गाला कासंच पुरतं. यंत्राने दाबलेली पातळ पितळी वाटी आणि ठोकून घडवलेली काशाची वाटी यांत फार फरक आहे. पातळ वाटी हाताला हलकी लागते, आवाज उंच आणि छोटा. माझ्या एका सहकाऱ्याने अशी वाटी घरबसल्या मागवली, फोटोत ती हुबेहूब दिसत होती, आली ती डब्याच्या झाकणासारखी वाजणारी. म्हणून वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. तळहात सपाट करून त्यावर ठेवा, बोटांनी कड धरू नका, काठाच्या थोडं खाली चामड्याच्या बाजूने एकदा मारा आणि डोळे मिटून ऐका. आवाज भसकन तुटला तर कुठेतरी बारीक चीर असते. बाजारात गर्दीचा आवाज असतो, तेव्हा सकाळी दुकानं लागत असतानाच जावं. कडेवरून दांडा फिरवून घुमवायची जी करामत विक्रेते दाखवतात तिचा वर्गात उपयोग नाही.

पण खरं सांगायचं तर नऊशे रुपयेही खर्च करायची गरज नाही. आपल्याकडे तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी असते. आजीची वाटी घरात होती, ती बुडाला धरून लाकडी डावाने हलकेच वाजवून पाहिली. नाद सहा-सात सेकंदांचा, म्हणजे निम्मा, पण गोड आणि स्वच्छ. वर्गासाठी तो पुरेसा आहे. ख्रिसमसच्या सुट्टीआधी अंजुणेची वाटी घरी राहिली होती तेव्हा मी दोन दिवस आजीचीच वापरली, मुलांनी एवढंच विचारलं की ही लहान का. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानात काशाच्या वाट्या वजनावर मिळतात आणि तिथे वाजवून बघायला कुणी हरकत घेत नाही. आधी घरात शोधा, मग म्हापसा, मग अंजुणे, असा क्रम मी सांगेन.

कासं कडक असतं, वाकत नाही, पडलं तर तडकतं. मुलांच्या हातात देणार असाल तर गादीसकट द्या आणि टेबलाच्या मधोमध ठेवा. आमच्या शाळेतली फरशी शहाबादी आहे, म्हणून मी खाली जुनी चटईही घालते. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत वाटी दोन-तीन महिन्यांत काळपट होते, त्याने नादात फरक पडत नाही, पण मुलांना चमकणारी आवडते. भिजवलेल्या सोलांनी (आमसुलांनी) चोळून लगेच धुवून कोरडी पुसली की निघते. शनिवारी हे काम मागून घेणारे दोन हात नेहमीच वर असतात. चामडं एवढ्या महिन्यांत सुटायला लागलं आहे, ते मी सुती चिंधी आणि दोऱ्याने बांधलंय, आवाज उलट जास्त मऊ झाला.

पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो पावसाळ्यासाठी, कारण जून ते ऑगस्ट पत्र्यांखाली ती ऐकूच येणार नाही. त्या तीन महिन्यांसाठी मी या वर्षी हात वर करून थांबण्याचा नियम आधीपासून शिकवणार आहे आणि शुद्धलेखनाला तिसरीच्या बाईंचा माईक पुन्हा मागणार आहे. पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्या आणि घसा बसलेल्या नव्या शिक्षकाला मी ही वाटी नक्की घ्यायला सांगेन. घेतल्यावर पहिला आठवडा ती फक्त प्रार्थनेनंतर वाजवा, आणि नाद संपल्यावर कोणतं वाक्य बोलणार ते आदल्या रात्री टाचणात लिहून ठेवा.